न विचारता पुकारलेला गंज

मोहबोडीच्या मुखरू ढिवराचा आवाज तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जायचा. बायका म्हणायच्या, मुखरूनं घरात बायकोला, गोकुळेला, हाक मारली की पल्याडच्या गावातल्या दोन गोकुळा ‘ओ’ देतात. भोंगे तेव्हा सिंदेवाहीच्या बाजारापर्यंतच पोचले होते. आत, जंगलाच्या अंगाला असलेल्या गावांना मुखरूवाचून भागत नसे. लग्नात आहेर पुकारायचा तर मुखरू. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत वर्गणी पुकारायची तर मुखरू. दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, राजाचा भालदारही तोच. काठी आपटून तो “ऐका होऽऽ” म्हणाला की झाडावरची वानरंसुद्धा फांदी बदलायची.

आणि अशा या माणसाला पुढं एक खोड लागली. कुणाचंही नाव पुकारायच्या आधी तो मांडवातून त्या माणसापर्यंत चालत जायचा, त्याच्यासमोर उकिडवा बसायचा आणि हळू आवाजात विचारायचा, “पुकारू का जी?”

माणसं हसायची. वरपक्ष खोळंबायचा. “अरे गा मुखरू, रात व्हईन अशानं!” पण तो ऐकत नसे. ‘हो’ मिळाल्याशिवाय त्याच्या तोंडून नाव निघत नसे.

ही खोड लागली त्याला कारण एक गंज, भात शिजवायचं तांब्याचं मोठं भांडं.

त्रेपन्न सालची दिवाळी. मालगुजारी जाऊन दोनेक वर्षं झाली होती. तोवर गावात लग्न निघालं की मोठी भांडी मालगुजाराच्या घरून यायची, आणि त्या बदल्यात लग्नघरच्या माणसांना त्याच्या धानाच्या बांध्यांत दोन दिवस फुकट राबावं लागायचं. वर तलावातली मोठ्यातली मोठी मासोळी. मालगुजार नागपूरला राहायला गेला आणि भांड्यांच्या खोलीला कुलूप लागलं. त्या उन्हाळ्यात मोहबोडीत तीन लग्नं झाली, आणि तिन्ही लग्नांत भात घरोघरच्या लहान लहान गंजांत शिजवून गोळा केला. कुठं कच्चा, कुठं करपलेला. पाहुणे हसून गेले.

तेव्हा ढिवर समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष दादाजी उठले. दादाजी म्हणजे अंगानं काटकुळे, आवाज फाटका, पण बोलायला लागले की माणसं ऐकायची.

“समाजाची भांडी समाजाची पायजेत,” ते म्हणाले. “मंडईच्या दिवशी दंडार करू. चार गावचे पाहुने येतीन. ज्याच्यानं जे व्हईन ते देईन. पैसा नाई तं झारा द्या, झारा नाई तं चाटू द्या.”

“अन् नाईच देल्लं कोनी तं?” कुणीतरी विचारलं.

मुखरू मागून म्हणाला, “ते माह्या तोंडावर सोडा जी.”

त्या वाक्यानं पुढचं सगळं घडलं.

दंडारीतल्या वगात एक राजा होता, त्याचा खजिना होता, आणि खजिन्याचा हंडा रंगमंचावर मधोमध ठेवायचा होता. मातीचा घडा ठेवला तर पोरंही हसली असती. खरंखुरं मोठं तांब्याचं भांडं अख्ख्या ढिवर मोहल्ल्यात एकाच घरी होतं. वच्छलाबाईच्या.

वच्छलाबाईचा नवरा चार वर्षांपूर्वी पुरात गेला होता. ती पोरीला, प्रेमिलेला, घेऊन एका खोलीत राहायची. तलावाच्या काठच्या गवतातून झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, गाळायची, सुकवायची, बाजाराला न्यायची. घरात दुसरं काही नव्हतं. पण कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून, पाच पायल्यांचा तांब्याचा गंज होता. गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव ठोकलेलं, ‘तानाबाई’. वच्छलाबाईच्या आईचं. आईनं तो तिला आंदणात दिला होता, आणि तो प्रेमिलेच्या आंदणात जायचा होता. प्रेमिला तेव्हा बारा वर्षांची.

मुखरू दारात उभा राहिला. “वच्छलाबाई, एक दिवस गंज पायजे होता.”

“काऊन? तुमच्या घरी पाहुने?”

“दंडारीले. राजाचा खजिना.”

ती हसली. नवरा गेल्यावर तिला हसताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. “माह्या गंजात राजाचा खजिना? बाप्पा! मंग तं घासून देवा लागन.”

तिनं चिंच आणि राख घेऊन सकाळभर गंज घासला. देताना मात्र कडीवरचा हात लवकर सोडला नाही.

“मुखरूभाऊ, पोचा नोका पाडू. अन् सांजवक्ती मले परत पायजे.”

“दिवा लागाच्या आत तुमच्या दारात. जबान देल्ली.”

“तुमची जबान लय मोठी हाये, ऐकतो ना आमी,” ती म्हणाली, आणि कडी सोडली.

मंडईचा दिवस. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले. भर दुपारची दंडार. पळसाच्या झाडाखाली एक पडदा, डफ, ढोलकी, टाळ. चार गावची माणसं, बैलबंड्या, बायका बंड्यांच्या आडोशाला. गण म्हणून झाला. समाजात एक रीत होती, गणपतीचा गण म्हटल्यानंतर रंगमंचावरून जे दान पुकारलं जाईल ते मागं घ्यायचं नाही. देवासमोर दिलेला शब्द म्हणायचे. आजवर कुणी मागं घेतलाही नव्हता.

सुरुवातीला वर्गणी बरी आली. चार आणे, आठ आणे, एक झारा, दोन चाटू. मुखरू भालदाराच्या वेशात, डोक्याला लाल फेटा, हातात रंगवलेली काठी. प्रत्येक नावाला तो अशी ललकारी द्यायचा की देणाऱ्याची छाती वीतभर फुगायची. मग ओघ आटला. वग अर्ध्यावर आला तरी एकही मोठं भांडं आलं नव्हतं. दादाजी पडद्याशी बसले होते. त्यांचं तोंड उतरलं.

“चाटूनं भात ढवळता येते, मुखरू,” ते पुटपुटले. “शिजवाचा कायच्यात?”

मुखरूनं लोकांकडं पाहिलं. पाहुणे पान खात होते. कुणी बैलांना पाणी पाजायला निघालं होतं. राजा झालेला गडी आपलं पुढचं वाक्य विसरून मिशी सावरत होता. आणि मधोमध तो गंज. कार्तिकातलं ऊन सरळ त्याच्यावर पडलेलं, घासून घासून असा लखलखत होता की पुढच्या रांगेतली माणसं डोळ्यांवर हात धरून बघत होती.

‘ते माह्या तोंडावर सोडा जी.’

त्यानं काठी आपटली. काय बोलणार ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, असं तो पुढं स्वतःला सांगायचा. पण ते खरं नव्हतं. काठी वर गेली आणि खाली आली, तेवढ्यात त्याला सगळं ठाऊक झालं होतं.

“ऐका होऽऽ! राजाचा खजिना खोटा, पन हा गंज खरा! मोहबोडीच्या वच्छलाबाई, ज्यायच्या घरी कमावता मानूस नाई, त्या आपल्या मायचा हा पाच पायल्यांचा गंज आज समाजाले देऊन राह्यल्याऽऽ!”

क्षणभर टाळसुद्धा थांबले. मग जो गजर झाला! माणसं उभी राहिली. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, “रांडमुंड बाई गंज देते, अन् आपन पान खाऊन राह्यलो!” आणि त्यानं आपल्या गावाच्या नावानं कढई पुकारायला लावली. मग परात आली. मग बाल्ट्या. दुसऱ्या एका गावानं ईर्षेनं परातीएवढे दोन पितळी कोपर दिले. सूर्य कलेपर्यंत समाजाची भांडी पुरी झाली. दादाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायकांच्या बाजूला काय झालं ते मुखरूनं पाहिलं नाही. पाहायचंच नाही असं ठरवून तो तोंड दुसरीकडं करून पुकारत राहिला. शेवटी वळला तेव्हा वच्छलाबाई बंडीच्या चाकाला टेकून बसली होती. भोवतीच्या बाया तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. तोंड दिसत नव्हतं.

दिवे लागले. गंज दादाजींच्या घरी गेला.

घरी गोकुळेनं ताट वाढलं. ती भाकर वाढताना रोज दहा गोष्टी बोलायची. त्या दिवशी एकच बोलली.

“वच्छलाबाईनं तुमाले कवा सांगतलं जी, गंज देतो म्हून?”

मुखरूनं घास तोंडात घातला. चावत राहिला.

“मी तिच्या बाजूलेच बसलो होतो,” गोकुळा म्हणाली. “तुमी तिचं नाव घेतलं अन् तिनं माह्या हाताले असं धरलं का अजून वळ हायेत.”

“समाजाचं काम झालं ना?”

“झालं तं.” ती उठली. “मी कोठी नाई म्हनलं?”

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला, नेहमीपेक्षा थोडा लांब.

आठवड्यानं गुलाम रसूल आला. सिंदेवाहीचा कलईवाला. दरवर्षी दिवाळीनंतर खांद्यावर भाता घेऊन यायचा, पिंपळाखाली खड्डा करायचा आणि गावाची भांडी उजळायचा. दादाजींनी त्याला सगळी भांडी दिली: कलई कर आणि प्रत्येकावर मंडळाचं नाव ठोक. देखरेखीला मुखरू.

गुलाम रसूलनं गंज उलटा केला, सुलटा केला, आणि नखानं टिचकी मारली.

“ये तो तानाबाईचा गंज. हर साल मीच कलई करतो याची. इथी कैसा आला?”

“दान देल्ला वच्छलाबाईनं.”

“अच्छा?” म्हाताऱ्यानं मान हलवली. “पिछले साल तो बोलत होती, रसूलभाई, कलई जरा मोटी द्या, पोट्टीच्या शादीपर्यंत टिकली पायजे.” त्यानं छिन्नी उचलली. “दिल बडा है बाईचं. तं पुराना नाव मिटवू का?”

“नोको!” मुखरू एवढ्या मोठ्यानं बोलला की भात्यावर बसलेला कावळा उडाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “राहू द्या. खाली ठोका मंडळाचं.”

टक्, टक्, टक्. एकेक टिंब पडत होतं आणि मुखरू पिंपळाच्या मुळाशी बसून मोजल्यासारखा ऐकत होता. तेव्हाच उठून दादाजींकडं जावं आणि सांगावं, असं त्याच्या मनात आलं. नाव अर्धंच झालं होतं. तो उठलाही. पण वाटेत दोघं भेटले, म्हणाले, “मुखरू, तुह्या तोंडानं समाज तरला गा!” आणि तो परत येऊन बसला.

पुढची सहा वर्षं मोहबोडीत एकही लग्न त्या गंजाशिवाय झालं नाही. आणि दादाजींनी एक नवी रीत पाडली. चुलीवर गंज चढला, पाणी उकळलं, की तांदळाची पहिली मूठ वच्छलाबाईच्या हातानं पडायची. दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, कोऱ्या कपाळाची बाई लग्नाच्या चुलीशी कशी म्हणून. दादाजी म्हणाले, “ज्यायले चालत नसन त्यायनं भात नोका खाऊ.” सगळ्यांनी भात खाल्ला.

गंज लग्नघरी पोचवायचं काम मुखरूकडं आलं. तो खांद्यावर घेऊन यायचा, चुलीवर ठेवायचा, आणि वच्छलाबाई सुपातले तांदूळ घेऊन पुढं यायची. ती त्याला कधी टोचून बोलली नाही. विचारायची फक्त, “पोचला का गंज?” तोही म्हणायचा, “पोचला.” मग ती मूठ टाकायची, तांब्यावरून हात फिरवायची आणि बाजूला व्हायची. भाताची पंगत बसली की मुखरूच्या घशाखाली भात जात नसे. “पोट दुखते,” म्हणायचा. गावात पसरलं की मुखरूला लग्नाचा भात बाधतो.

एकोणसाठ साली प्रेमिलेचं जमलं. मुलगा वैनगंगेच्या काठच्या गावचा, घरचा डोंगा, घरची जाळी, चांगली माणसं. वैशाखातली तारीख ठरली.

मंडळाकडं भांडी मागायला वच्छलाबाई स्वतः आली. दादाजींच्या अंगणात मुखरूही होता. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “दादाजीभाऊ, पोट्टीच्या लग्नाले गंज पायजे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आनून देतो.”

आपला गंज ती मागत होती. एका रात्रीपुरता. परत देण्याचा शब्द देऊन.

मुखरू तिथून उठून तलावावर गेला. आपल्या डोंग्यात, लाकडी होडीत, बसला. पाण्यात ढकललासुद्धा नाही, तसाच काठाला बसून राहिला. संध्याकाळी पाय उचलले ते थेट वच्छलाबाईच्या दारात.

ती झिंगे पाखडत होती. प्रेमिला आत लुगड्याला टाके घालत होती. आईनं नुसतं पाहिलं तशी ती घागर उचलून पाण्याला गेली.

“वच्छलाबाई, मले एक बोलाचं हाये.”

“बोला.”

“त्या मंडईच्या दिवशी… म्या तुमाले इचारलं नव्हतं.”

तिनं सूप झटकलं. “मंग? ते मले सांगून राह्यले का? मले ठावं नाई का?”

मुखरूला वाटलं होतं ती रडेल, शिव्या घालेल. त्यासाठी त्यानं मान तयार ठेवली होती. या साध्या बोलण्यापुढं ती मान उगाच वाकलेली राहिली.

“मी लग्नात साऱ्यायपुढं सांगतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “मांडवात उभा राह्यतो, पुकारून सांगतो का वच्छलाबाईनं गंज देल्ला नव्हता, मी खोटं बोललो. मंग मंडळाले परत द्याच लागन.”

आता मात्र तिनं सूप खाली ठेवलं.

“म्हंजे परत माह्या नावानं पुकारता?”

“आता खरं पुकारतो ना जी.”

“मले इचारलं का?”

मुखरूची नजर सुपातल्या झिंग्यांवर गेली.

“ऐका मुखरूभाऊ. ज्या दिवशी तुमी पुकारलं, त्या दिवशी माह्या अंगात उठून ‘नाई’ म्हनाची ताकत नव्हती. रातभर रडलो मी. गंजासाठी नाई. तुमी दिवा लागाच्या आत आनतो म्हनलं होतं, अन् मी दिवा लावून दारात बसलो होतो, वेड्यासारखी. मले वाटलं, गंमत केली असन, आता आनतीन.” तिनं पदरानं हात पुसले. “पन मंग लोकं येऊ लागले. ज्या बाया सक्काळी माह्यं तोंड पाह्यलं का वाट बदलत, त्या लग्नाचं पह्यलं बोलावनं माह्या घरी देऊ लागल्या. मले गंजवाली म्हनतात आता. पह्यली मूठ माह्यी. उद्या माह्या पोट्टीच्या लग्नातबी माह्यीच. तुमी खरं सांगान, तुमचं मन हलकं व्हईन. लोकं म्हनतीन, मुखरू कसा खरा मानूस! अन् माह्या हातात का राहीन? गंज राहीन. अन् ‘हिनं देल्लाच नव्हता’ हे राहीन.”

बाहेर पाळीवर प्रेमिलेच्या घागरीचा आवाज आला.

“मंग मी का करू?” मुखरूनं विचारलं. एवढा मोठा माणूस, पण आवाज शेजारच्या घरातही गेला नाही.

“ते मी काऊन सांगू? पुकारलं तुमी.” तिनं सूप उचललं. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, “पोट्टीच्या आंदणात गंज पायजे होता. माह्या मायचं नाव हाये त्याच्यावर. नाई तं नाई.”

दोन रात्री त्यानं कूस बदलली. घरात देण्यासारखं काय होतं? गोकुळेचा पितळेचा कोपर होता. त्याची नजर तिकडं गेली तशी चुलीपुढून आवाज आला, “त्याच्याकडं पाहू नोका. तो माह्या बापानं देल्ला. तुमाले दुसऱ्याचं पुकाराची सवय हाये.”

“नाई पाह्यत.” तो तिच्याजवळ येऊन बसला. “गोकुळा, एक इचारू?”

“इचारून राह्यले?” तिनं फुंकणी बाजूला ठेवली. “का झालं तुमाले?”

“डोंगा देऊ का मंडळाले? त्याच्या बदल्यात गंज मांगतो. प्रेमिलेसाठी.”

गोकुळेनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. डोंगा मुखरूच्या बापानं मोहाच्या एका बुंध्यातून कोरला होता, पूर्ण एक उन्हाळा लागला होता. त्याच्यावरच घर चालायचं.

“देल्ला का अजून द्याचा हाये?” तिनं विचारलं.

“द्याचा हाये. म्हून तं इचारतो.”

“मंग द्या.” तिनं फुंकणी उचलली. “पन थंडीत जाळं घेऊन कंबरभर पान्यात तुमाले उभं राहा लागन. कुडकुडत आले तं मी म्हननार नाई, बिचारा म्हून.”

दादाजींनी ऐकून घेतलं. मग चिलीम खाली ठेवली.

“दान देल्लेलं भांडं परत करनं बरं नाई, मुखरू. उद्या सारेच मांगतीन.”

“परत नोका करू. अदलाबदल करा. डोंग्यानं मंडळाची मासोळी काढा, वर्षभरात नवा गंज येईन. अन् पुकारताना म्हना, मंडळाकडून पोट्टीले मानाचं आंदण.”

“बापाचा डोंगा देतोस. काऊन गा?”

“ते इचारू नोका जी.”

दादाजी बाहेर, तलावाकडं बघत राहिले. फाटक्या आवाजात म्हणाले, “त्या दिवशी मीबी पडद्यापाशीच बसलो होतो. तू पुकारलं तवा मले वाटलं, तिनं सांगतलं असन. मंग वाटलं, नसन सांगतलं. मंग कढई आली, परात आली… अन् म्या इचारलंच नाई.” त्यांनी चिलीम झाडली. “घेऊन जा गंज.”

लग्नाच्या आदल्या दिवशी मुखरू पुन्हा वच्छलाबाईच्या दारात गेला. आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

“वच्छलाबाई, मंडळ प्रेमिलेले गंज देते. मानाचं म्हून. बाकी कोनी काई बोलनार नाई.” मग हळू आवाजात विचारलं, “मांडवात पुकारू का जी?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

“पुकारा लागन. पन तुमी नोका पुकारू.”

“बरं.”

“दादाजीभाऊ पुकारतीन.”

“बरं जी.”

वैशाखाची दुपार, जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. चुलीवर गंज, वच्छलाबाईची पहिली मूठ, पंगती उठल्या, मग गंज धुऊन मांडवात आणून ठेवला. बुडाची काजळी राहिलीच होती. आहेर पुकारायची वेळ आली आणि मुखरूऐवजी दादाजी उभे राहिले, तशी माणसं एकमेकांकडं बघू लागली.

“ऐका… ऐका हो…” दादाजींचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नव्हता. “मंडळाकडून… वच्छलाबाईच्या मोठ्या मनाचा मान म्हून… हा गंज प्रेमिलेच्या आंदणात…”

“मोठ्यानं बोला ना गा!”

“गंज! आंदणात! अन् मंडळाचं काम अडू नये म्हून… मुखरूनं आपला डोंगा मंडळाले देल्ला हाये!”

हे पुकारलं जाणार हे मुखरूला ठाऊक नव्हतं. डोंग्याचं नाव घेऊ नका, असं तो दादाजींना सांगायला विसरला होता. की दादाजींनी त्याला विचारलं नव्हतं.

मांडव उसळला. “वा रे मुखरू!” “बापाचा डोंगा देल्ला गा!” “समाजासाठी असं मन पायजे!” कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी दंडाला धरून उभं करायला लागलं. वरपक्षाचा म्हातारा हात जोडून पुढं आला. “उभे राहा मुखरूभाऊ, आमाले पाहू तं द्या!”

त्याला ओरडून सांगायचं होतं. नाही, दान नाही हे. उलटं आहे सगळं. तोंडसुद्धा उघडलं. मग त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली, आणि त्यानं ते मिटलं. एक शब्द निघाला असता तर तो त्याच्या एकट्याच्या अंगावर पडला नसता, वच्छलाबाईच्याही पडला असता. खांद्यावरचा शेला त्यानं डोक्यावरून पुढं ओढला, हनुवटीपर्यंत, आणि खाली बघत बसून राहिला. गजर चालूच होता. अंगाला उकळतं पाणी लागावं तसा तो एकेक ‘वा’ त्याला लागत होता. त्या मंडईत बंडीच्या चाकाला टेकून बसलेली ती बाई, पदर ओढून घेतलेली, त्याला आत्ता कुठं नीट दिसली.

शेल्याच्या फटीतून त्यानं पाहिलं. वच्छलाबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती गंजापाशी बसली होती, पदराचं टोक ओलं करून गळ्याजवळची काजळी पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं प्रेमिलेचं बोट धरलं आणि टिंबांवरून फिरवलं, आधी वरच्या नावावरून, मग खालच्या.

“मुखरू!” दादाजींनी हाक मारली. त्यांचा आवाज पुरता बसला होता. “माह्यानं नाई होत गा आता. बाकीचे आहेर तूच पुकार. हे पाय, मामाकडून लुगडं.”

मुखरू उठला. घसा साफ केला. माणसं सावरून बसली, आता खरा आवाज ऐकायला मिळणार म्हणून. पण तो पुकारला नाही. लुगडं हातावर घेऊन गर्दीतून वाट काढत गेला, मांडवाच्या टोकाला बसलेल्या प्रेमिलेच्या मामासमोर उकिडवा बसला, आणि म्हणाला,

“पुकारू का जी?”

मामा हसला. “अरे, पुकारासाठीच तं देल्लं!”

“तरीबी,” मुखरू म्हणाला. “तुमी हो म्हना.”